रेंजवर जमतं ते कोर्सवर का जमत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: वय चाळिशीच्या पुढे, हँडिकॅप २४ (कोर्सच्या ठरलेल्या शॉटांपेक्षा साधारण २४ जास्त), रविवारी सकाळी चेंबूरला गोल्फ, आठवड्यातून एकदा रेंज (नुसते बॉल मारून सराव करायची जागा). रेंजवर सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) दहातले सात बॉल सरळ जातात. कोर्सवर पहिल्या टीपासूनच (होल सुरू करायच्या जागेपासूनच) तो स्विंग सापडत नाही, आणि एका होलला आठ शॉट लागले की पुढची तीन होल त्या आठांच्या रागात जातात. कोच बदलू का, नवीन आयर्न घेऊ का, की डोक्यासाठी काही करू?

कोच राहू द्या, आयर्नही राहू द्या. दहातले सात सरळ जात असतील तर तुमचा स्विंग हँडिकॅप १८ लाही पुरेल. कमी पडतंय ते दोन ठिकाणी: शॉटच्या आधी निर्णय पक्का होत नाही, आणि सराव कोर्ससारखा होत नाही. डोक्याचं आणि हाताचं काम वेगळं काढताच येत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी हिशेब, कारण निम्मा राग चुकीच्या हिशेबातून येतो. सध्याच्या पद्धतीत हँडिकॅप शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वांत चांगल्या ८ वरून निघतो. म्हणजे २४ हा तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे, रोजचा नाही. पार (ठरलेले शॉट) ७० च्या कोर्सवर, स्लोपचं, म्हणजे कोर्सच्या अवघडपणाचं, गणित बाजूला ठेवलं तर, ९४ हा तुमचा उत्तम रविवार. ९७-९८ हा नेहमीचा. दर आठवड्याला ९४ ची अपेक्षा ठेवून जाणारा माणूस बहुतेक रविवारी चिडूनच घरी येणार. त्यात त्याच्या स्विंगचा काही दोष नाही.

दुसरा हिशेब आणखी कामाचा. हँडिकॅप २४ ला प्रत्येक होलला एक जादा शॉट मिळतो आणि इंडेक्स (अवघडपणाचा क्रम) १ ते ६ असलेल्या सहा होलना दोन. राउंडच्या आधी स्कोअरकार्डवर पेनने प्रत्येक होलचा स्वतःचा पार लिहून टाका: पार ४ चा ५, आणि अवघड सहांपैकी असेल तर ६. आता दुसऱ्या शॉटला १८० यार्डांवरून झाडांच्या फटीतून ग्रीनवर (कपभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) जायची गरज उरत नाही. तिसऱ्याने ग्रीनवर गेलं तरी दोन पटांत (ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या शॉटांत) तुमचा पार होतो. अठराच्या अठरा होलना बोगी (पारपेक्षा एक जास्त) केली तर ८८ होतात. एकही पार न करता. पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा ठरलेल्या शॉटांत १८ पैकी साधारण १२ ग्रीन गाठतात. बाकीची सहा ते चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा शॉट) आणि पटने सांभाळतात.

आता रेंज आणि कोर्सचा फरक. रेंजवर तोच क्लब, तीच सपाट मॅट, दर दहा सेकंदांनी नवा बॉल आणि चुकीला किंमत नाही. पाचव्या बॉलपर्यंत शरीर आपोआप जुळवून घेतं आणि आपल्याला वाटतं स्विंग सापडला. कोर्सवर दोन शॉटांमध्ये चार-पाच मिनिटं जातात, हातात दर वेळी वेगळा क्लब असतो, बॉल कधी पायाच्या वर, कधी खाली, आणि संधी एकच. ही दोन कामं शरीराच्या दृष्टीने वेगळीच आहेत. त्यात मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या पाच सेंटिमीटर मागे आपटला तरी मॅटवरून घसरून बॉलला लागतो आणि बॉल बरा जातो. मातीत तोच क्लब रुततो आणि बॉल चाळीस यार्डांवर पडतो. रेंजवरच्या तुमच्या सातपैकी दोन-तीन बॉल बहुधा असेच असतात. तपासायचं असेल तर हातरुमालाची घडी करून बॉलच्या मागे दहा सेंटिमीटरवर ठेवा. क्लब रुमालाला लागला की तो शॉट, कितीही लांब गेला तरी, चुकीचा धरा.

तसंच, बॉल टॉप झाल्यावर (फटका वरच्या भागाला लागून जमिनीलगत गेल्यावर) सोबतचा जो म्हणतो, "डोकं वर उचललंस रे," त्याचं मनावर घेऊ नका. बहुतेक वेळा डोकं वर येतं ते परिणाम म्हणून. खरं कारण वजन मागच्या पायावर राहणं किंवा फटक्याच्या आधीच कंबर बॉलकडे सरकून उभं होणं. जबरदस्तीने डोकं खाली धरलं की वजन पुढे जायला आणखीच अडतं. शिवाय नियमाप्रमाणे स्पर्धेत असा सल्ला देणाऱ्याला दोन शॉटांचा दंड आहे (नियम १०.२). हे हसत हसत सांगून टाकलं की सल्ले थांबतात!

मन म्हणजे सकारात्मक विचार वगैरे काही मी सांगणार नाही. "जाईलच सरळ" असं स्वतःला पटवून हाताचा ताण जात नाही. ताण जातो तो काम ठरलेलं असलं की. म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी, अगदी प्रत्येक, हा क्रम.

बॉलच्या मागे दोन-तीन पावलांवर उभे राहा. बॉल कसा बसलाय ते पाहा, ग्रीनच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या (झेंड्यापर्यंतचं नको), वारा पाहा, आणि कुठल्या बाजूला अजिबात जायचं नाही ते ठरवा. क्लब निवडा आणि मनात एक वाक्य पूर्ण करा: "सात नंबर, ग्रीनचा डावा अर्धा." वाक्य पूर्ण होत नसेल तर निर्णय झालेला नाही, पुढे जाऊ नका. मग लक्ष्याच्या रेषेत बॉलच्या पुढे हातभर अंतरावर एखादं सुकलेलं पान किंवा जुना डिव्हॉट (क्लबने गवत उखडल्याची खूण) शोधा. एक सराव-स्विंग करा, ज्यात क्लब गवताला कुठे लागतो एवढंच पाहायचं. जवळ जाऊन आधी क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) त्या पानाकडे लावा, नंतर पाय. बहुतेक जण उलटं करतात: पाय आधी रोवतात आणि मग फेस फिरवत बसतात, म्हणून निशाणा उजवीकडे सरकतो. लक्ष्याकडे एकदा पाहा, नजर बॉलवर आली की स्विंग सुरू. नजर परतल्यापासून क्लब हलेपर्यंत चार सेकंदांच्या वर गेलं की डोक्यात शंका शिरतेच. तेव्हा मागे या आणि वाक्यापासून पुन्हा. वेळेची काळजी नको. शॉटसाठी ४० सेकंदांच्या आत खेळावं अशी नियमांचीच शिफारस आहे आणि हा सगळा क्रम पंचवीसमध्ये बसतो.

पहिल्या टीवर व्हरांड्यात चहा घेत बसलेल्या मंडळींसमोर जे होतं त्याचं मूळ वेगात आहे. छाती धडधडली की बॅकस्विंग पूर्ण होण्याआधीच हात खाली यायला लागतात. चांगल्या खेळाडूंच्या पूर्ण स्विंगमध्ये वर जायला लागणारा वेळ खाली यायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो, पटमध्ये साधारण दुप्पट. हे प्रमाण धरायला तीनतालाचे बोल फार उपयोगी पडतात. पूर्ण स्विंगला पहिल्या "धा"वर क्लब हलवा, "धिं धिं" करत चौथ्या मात्रेच्या "धा"वर वर पोहोचा, आणि पुढच्या "धा"वर फटका. पटला तिसऱ्या मात्रेवर मागे, चौथ्या "धा"वर बॉल. लय द्रुत हवी, अख्खा स्विंग सव्वा सेकंदात संपतो. घरी क्लब न घेता टाळी देऊन लय बसवा. आणि पहिल्या टीवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढायलाच हवा असा नियम नाही. ज्या क्लबने फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) सापडतो तो काढा. व्हरांड्यातल्या मंडळींना तुमचा बॉल पडेपर्यंतच रस असतो, मग त्यांचं बटाटेवड्याकडे लक्ष जातं.

चुकलेल्या शॉटनंतर राग येऊ द्या, पण त्याला हद्द द्या. क्लब बॅगेत परत गेला की विषय संपला. चालताना श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, असे चार-पाच श्वास. "मी असा का मारला" हा प्रश्न कोर्सवर विचारायचा नाही. त्याचं उत्तर तिथे मिळत नाही, उलट पुढच्या शॉटला डोक्यात तीन सूचना घेऊन उभे राहाल. बॉल उजवीकडे जातोय हे दिसलं की त्या दिवसापुरतं लक्ष्य डावीकडे सरकवा. दुरुस्ती रेंजवर.

तुमच्या होलला जे आठ लागतात ते बहुतेक दोन वाईट शॉटांनी लागत नाहीत. एका वाईट शॉटनंतरच्या एका वाईट निर्णयाने लागतात. बॉल झाडांत गेला, समोर फट दिसते, "जाईल की!" फट एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असेल तर बॉल सहा अंशांच्या आत निघाला पाहिजे, तोही ठरलेल्या उंचीवर, रफमधून (वाढलेल्या गवतातून). आडवा चिप मारून फेअरवेवर या. तुमच्या लिहिलेल्या पारमध्ये तो एक शॉट आधीच धरलेला आहे. हद्दीबाहेर गेल्याची शंका असेल तर दुसरा बॉल मारण्याआधी "प्रोव्हिजनल (पहिला न सापडल्यास धरायचा बॉल) मारतोय" हे सोबत्यांना ऐकू जाईल असं स्पष्ट सांगा. न सांगता मारला तर तोच बॉल खेळातला होतो आणि पहिला सापडूनही उपयोग नसतो. शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून.

क्लब निवडताना तुमचा सरासरी शॉट धरा. सात नंबरने एकदा १५० यार्ड गेला होता म्हणून तो १५० चा क्लब होत नाही. दहातले पाच-सहा १३५ ला पडत असतील तर तो १३५ चाच. हौशी खेळाडूंचे बहुतेक बॉल ग्रीनच्या अलीकडे पडतात ते याच मोठेपणामुळे. कॅडीला "कुठला क्लब?" असं विचारू नका; त्याला तुमचा आजचा स्विंग ठाऊक नसतो. "मध्यापर्यंत किती?" आणि ग्रीनवर "उतार कुठे?" एवढंच विचारा. रोज तीच ग्रीन पाहणाऱ्या माणसाचं "अर्धा कप डावीकडे" हे तुमच्या डोळ्यांपेक्षा बहुतेक वेळा बरोबर असतं.

आता सराव. रेंजवर पन्नास बॉलची बादली घेतली तर पहिले दहा वेजने (बॉल उंच उडवणाऱ्या आखूड क्लबने) अर्ध्या स्विंगचे, अंग मोकळं करायला. पुढचे पंधरा एकाच कामासाठी, उदाहरणार्थ रुमालाचं. त्यात फटका फेसवर कुठे लागतोय तेही पाहा: व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढा, ती बाजू क्लबकडे करून मारा, ठिपक्याचा छाप फेसवर उमटतो. टोकाकडे की टाचेकडे, कुणाला विचारायची गरज राहत नाही. उरलेल्या पंचवीस बॉलांत कोर्स खेळा. पहिलं होल डोळ्यासमोर आणून ड्रायव्हर, तो जिथे पडला असता तिथून आयर्न, मग वेज. एकच क्लब लागोपाठ दोनदा मारायचा नाही आणि प्रत्येक बॉलला वरचा पूर्ण क्रम करायचा. या पद्धतीत रेंजवर शॉट वाईट दिसतात. बदलत्या सरावाचा हा गुण सर्वज्ञात आहे: त्या दिवशी कामगिरी घसरलेली दिसते, पण शिकलेलं कोर्सवर जास्त टिकतं. शेजारच्या मॅटवर कुणी ड्रायव्हरचे पन्नास बॉल लागोपाठ ठोकत असेल तर तिकडे पाहू नका.

घरच्या पटिंगला मुंबईचा फ्लॅट पुरतो. फरशीवर बॉल फार पळतो आणि रात्री खालच्या मजल्यावरचे वर येतात, म्हणून जाड सतरंजी किंवा योगा मॅट घाला. मॅटवर बॉल ठेवा आणि पुढे ४५ सेंटिमीटरवर दोन पेन्सिल सेल उभे करा, मधे ५.२ सेंटिमीटरची फट. बॉलचा व्यास ४.२७ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा सेंटिमीटर. सेल न पाडता बॉल निघाला तर त्याची दिशा साधारण अर्ध्या अंशात आहे. हा आकडा का महत्त्वाचा? दिशा एक अंश चुकली की तीन मीटरवर बॉल ५.२ सेंटिमीटर बाजूला जातो, आणि कपची त्रिज्या ५.४. म्हणजे कडेला चाटून परत. पटची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, हाताचा मार्ग थोडाच, त्यामुळे सेल पडत असतील तर आधी फेस कुठे पाहतोय ते बघा. सलग दहा पार झाल्याशिवाय उठायचं नाही. आठव्या-नवव्याला जो ताण येतो तोच शेवटच्या ग्रीनवरचा ताण. पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन संध्याकाळी.

अंतर मात्र सतरंजीवर शिकता येत नाही. रविवारी राउंडच्या आधी पटिंग ग्रीनवर ३, ६, ९ पावलांवरून एकेक बॉल, सराव-स्विंग करताना नजर कपकडे. बॉल कपच्या पुढे एक ते दीड वीत थांबेल असा वेग हवा. त्याहून जोरात गेला तर कडेवरून पडणारा बॉल उडून बाहेर येतो, म्हणजे कपच तुमच्यासाठी लहान होतो. आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडूही निम्मेच पट घालतात, तेव्हा आठ फुटांचा पट हुकल्यावर कपाळाला हात लावायचं कारण नाही. तीन पट झाले तर मात्र पहिला पट आठवा; दोष जवळजवळ नेहमी त्याच्या अंतरात असतो.

चिपसाठी चेंबूरच्या कोर्सलगतच्या वस्त्यांतली पोरं पाहावीत. वाकवलेली सळई आणि प्लास्टिकचा बॉल घेऊन ती अरुंद गल्लीत गोल्फ खेळतात. तिथे बॉल कुठे टेकणार हे आधी ठरवल्याशिवाय शॉट मारताच येत नाही. आपण मोकळ्या ग्रीनवर थेट झेंड्याकडे पाहून मारतो आणि लांब तरी जातो, जवळ तरी राहतो. ग्रीनच्या आत पाऊलभर जागा निवडा, बॉल तिथे टेकवा, पुढचं घरंगळण्यावर सोडा. क्लब ठरवायला बाराचा नियम आहे: बॉलपासून टेकण्याच्या जागेपर्यंतची पावलं मोजा, तिथून कपपर्यंतची मोजा, दुसरीला पहिलीने भागा, आणि आलेला आकडा बारातून वजा करा. दोन पावलं हवेत, सहा जमिनीवर, म्हणजे तीन. बारातून तीन गेले, नऊ नंबरचं आयर्न. उत्तर दहा आलं तर पिचिंग वेज. चढ असेल किंवा ग्रीन ओलं असेल तर एक नंबर खालचा क्लब, म्हणजे नऊऐवजी आठ.

सरावाला एकच बॉल घ्या. ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा, प्रत्येक ठिकाणाहून चिप आणि मग पट आत जाईपर्यंत, प्रत्येकी पार २, एकूण १८. सुरुवातीला २६-२७ होतील. २३ पर्यंत आलात तर तुमचा रविवार तीन-चार शॉटांनी हलका होईल, स्विंगला हात न लावता. भारताची गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली तेव्हा तिचे ड्राइव्ह त्या मैदानातल्या सर्वांत आखूड ड्राइव्हमध्ये मोडत होते. तिला वर ठेवलं पटरने.

चेंबूरचं सदस्यत्व किंवा पाहुणा म्हणून जाणं जमत नसेल तर खारघरचं सिडकोचं कोर्स सर्वांसाठी खुलं आहे. सरावासाठी गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

राउंडनंतर कार्डावर चारच गोष्टी नोंदवा: दंडाचे शॉट, तीन पटांची होल, एकाच ग्रीनला दोनदा मारलेले चिप, आणि निर्णयाचं वाक्य पूर्ण न करता मारलेले शॉट. एकूण स्कोअर शेवटी मोजा, मध्येच नाही; पंधराव्या होलला "आज नव्वदच्या आत येणार" असं लक्षात आलं की सोळाव्याला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चार राउंडनंतर ज्या रकान्यात आकडा मोठा, त्याचा सराव. चौथा रकाना पहिले काही आठवडे सर्वांत मोठा निघतो.

थोडं आपल्या हवेबद्दल. घामाने ग्रिप निसटेल या भीतीने आपण मूठ आवळतो, मनगट ताठ होतं, फेस उघडा राहतो आणि बॉल उजवीकडे वळतो. बऱ्याच स्लाइसचा उगम एप्रिल-मेच्या घामात आहे. तीन हातमोजे ठेवा आणि तीन-तीन होलनंतर बदला. काढलेला बॅगेला बाहेर अडकवा, खिशात कोंबू नका. ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवा; घाम आणि सनस्क्रीनचा थर निघाला की रबर पुन्हा पकडतं. उन्हाळ्यात दुपारच्या आधीच पश्चिमेकडून वारा चढतो, त्यामुळे मागच्या नऊ होलना सकाळचे क्लब चालत नाहीत. दमट हवेत बॉल जड होऊन कमी जातो हा मात्र गैरसमज आहे. वाफ असलेली हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते.

आपल्या बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि त्याला झोत असतो, म्हणजे पाती एका दिशेला झुकलेली असतात. तुमच्याकडून कपकडे पाहताना गवत चकचकीत दिसलं तर झोत पुढे, बॉल पळेल. गडद, मळकट दिसलं तर झोत अंगावर, बॉल अडेल. दिसत नसेल तर कपची कड पाहा: ज्या बाजूची कड फाटलेली, वाळलेली, त्या दिशेला गवत वाढतंय. झोत अंगावर असताना चिपला क्लबची पुढची धार रुतते. हात फार पुढे न ढकलता शाफ्ट जवळजवळ सरळ ठेवा, म्हणजे क्लबचा तळ गवतावरून घसरेल.

पावसाळ्यात बॉल जिथे पडेल तिथेच थांबतो, कधी स्वतःच्या खड्ड्यात रुततो. फेअरवे-रफमध्ये रुतलेल्या बॉलला आणि साचलेल्या पाण्याला दंडाशिवाय सुटका आहे. बरेच जण ती न घेता चिखलात क्लब मारतात आणि मनगट दुखावून घेतात. रुतलेल्या बॉलला खड्ड्याच्या लगेच मागच्या जागेपासून, पाण्याला जिथे बॉल, पाय आणि स्विंग तिन्ही मोकळे होतात त्या सर्वांत जवळच्या जागेपासून, एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून सोडायचा. फेस आणि बॉल यांच्यामध्ये पाणी आलं की वेजचा स्पिन जातो, म्हणून टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवा आणि प्रत्येक शॉटच्या आधी फेस पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्स बंद असेल तर सतरंजी, पेन्सिल सेल आणि तीनताल एवढ्यावर दोन महिने निघतात. बुटांत मात्र वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, नाहीतर सप्टेंबरात बुरशी लागलेले बूट टाकून द्यावे लागतात.